पाणी कुठे मुरलं

९ फेब्रुवारी

लेकीने ही वही देऊन तीन महिने होत आले. "आई, मनात साठवू नकोस, लिहीत जा," म्हणाली होती. हे गेल्यानंतरच्या पंधरवड्यातली गोष्ट. तेव्हा लिहिण्यासारखं काही नव्हतं, नुसतं रडण्यासारखं होतं. आज मात्र विषय मिळाला. विषय कसला, शत्रूच मिळाला.

एका नाटकमंडळीला राजाचा झगा हवा होता. माझा सगळा कपडेपट तळघरात असतो: राजे, शिपाई, वकील, भिकारी, दोन भुतं, एक अस्वल. तीस वर्षं मी नाटकांना कपडे भाड्याने देते आहे. पण सगळे एका छताखाली नीट टांगले गेले ते सप्टेंबरात या घरात आल्यावर. झगा काढायला गेले तर खुंटीसकट भिंतीवरची फळीच हातात आली. फळीमागची भिंत काळी आणि केसाळ, अस्वलाच्या पाठीसारखी. बोट लावलं तर गिलाव्यात रुतलं. झग्याची मखमल मागून हिरवी झालेली.

आणखी चार फळ्या उचकटल्या. सगळीकडे तेच. मग खोकला सुरू झाला. दम्याचा पंप वर राहिला होता. धापा टाकत जिना चढले तेव्हा डोळ्यांपुढे एकच चेहरा होता, आम्हाला हे घर विकणाऱ्या दातांच्या डॉक्टरचा. घर दाखवताना बत्तीसच्या बत्तीस दाखवत हसत होता. म्हणे, "हवेशीर घर आहे, ताई."

मी तेव्हा तळघरात उतरलेच नव्हते. हे म्हणाले होते, "तू नको येऊस, खाली धूळ आहे, तुला त्रास होईल. मी बघून येतो." माझी एवढी काळजी करणारा माणूस, आणि त्याला त्या हसऱ्याने कसं सहज गुंडाळलं!

१० फेब्रुवारी

डॉक्टरला फोन केला. तो आता गावाच्या दुसऱ्या टोकाला एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो, तिथल्या समितीवरही आहे म्हणे. चौथ्या मजल्यावर ओल येत नाही, हे त्याला बरोबर ठाऊक.

मी म्हटलं, "तळघराची उत्तरेकडची भिंत सडली आहे. तुम्हाला माहीत होतं का?"

"हो," म्हणाला. इतक्या सरळ! मग म्हणतो, "तुमच्या यजमानांशी बोलणं झालं का तुमचं?"

"ते नोव्हेंबरात गेले. बसस्टॉपवर उभे होते, तिथेच."

मग हळूच, "मला हे माहीत नव्हतं. फार वाईट झालं. मी... मला जरा विचार करू द्या. मी फोन करतो."

दिवसभर फोनजवळ बसले. फोन आला नाही. चोराला विचार करायला वेळ लागतोच.

१४ फेब्रुवारी

गवंडी येऊन गेला. साठीचा, शांत माणूस. भिंतीला कान लावतो, वास घेतो, मग बोलतो. त्याने भिंतीवर प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी पट्टी लावून चिकटवला. "तीन दिवस राहू द्या, ताई. थेंब प्लास्टिकच्या बाहेरून आले तर हवेतला दमटपणा. आतून आले तर पाणी मातीतून येतंय."

"डॉक्टरने लपवायला रंग फासला असेल ना?"

त्याने नखाने पोपडा काढला. "नाही हो. हा रंग पंधरा वर्षांचा तरी आहे. लपवायला कुणी काही केलेलं नाही. झाकलंय ते या फळ्यांनी. कुणी ठोकल्या?"

"यांनी. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात. माझ्या कपड्यांना भिंत लागू नये म्हणून."

गवंड्याने एक खिळा काढून तळहातावर धरला. "पितळी आहे. लोखंडी असता तर गंजून फळीवर डाग उठला असता." माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होता, पण खिळा खिशात टाकून पुन्हा भिंतीकडे वळला.

यांना बारीकसारीक गोष्टींची किती समज होती! साध्या फळ्यांनासुद्धा पितळी खिळे. आणि तो डॉक्टर!

१७ फेब्रुवारी

थेंब आतून आले. भिंतीला पलीकडून लागलेली माती पाणी पिऊन बसली आहे. बाहेरून भिंतीच्या पायापर्यंत खणायचं, भिंतीला डांबराचा लेप द्यायचा, खाली खडी आणि भोकांचा पाइप टाकून पाणी उताराकडे काढायचं. गवंडी म्हणाला, "आतून कितीही लिंपा, ताई, पाणी हटायचं नाही. ते वाट शोधतंच."

लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई, दुरुस्ती करून घे आणि विषय सोड ना. त्या डॉक्टरच्या नादी कशाला लागतेस?"

"अगं, त्याने तुझ्या बाबांना फसवलं!"

"आई, मला मीटिंग आहे," म्हणाली आणि फोन ठेवला. हल्लीच्या मुलांना रागसुद्धा धड येत नाही.

माझा मात्र कुठेही गेलेला नाही. दुपारी राजाच्या झग्याची हिरवी कॉलर कापली, खोक्यात घातली, वर चिठ्ठी ठेवली: "तुमच्या भिंतीकडून सप्रेम." पोस्टात देऊन आले. किती दिवसांनी भूक लागली!

२ मार्च

दुसरं पार्सल: शिपायाचा बूट. आतून अशी मऊ पांढरी लव आलेली, की सशाचं पिल्लू बसलंय असं वाटावं. तिसरं: वकिलाचा केसांचा टोप. चौथ्यात नुसते भिंतीचे पोपडे आणि लोणा, ओलीमुळे भिंतीवर फुटतो तो पांढरा खार. डॉक्टर आहे, खार ओळखेल.

प्रत्येक पार्सल बांधताना मी गाणं गुणगुणते, हे आज लक्षात आलं. नोव्हेंबरनंतर गुणगुणले नव्हते.

उत्तर एकालाही नाही. गेंड्याच्या कातडीचा आहे. पण मीही तीस वर्षं जाड कापडात सुई घातली आहे.

११ मार्च

गवंड्याला काम सुरू करायला सांगितलं नाही अजून. भिंत दुरुस्त झाली तर पुरावा जाईल.

मागच्या पडवीत खराटा शोधताना एक कुदळ आणि फावडं सापडलं. नवंकोरं, दांड्यावर दुकानाचं लेबल तसंच. यांनी आयुष्यात कुंडीतली मातीसुद्धा कधी उकरली नाही! या घरात येऊन बाग करायचं मनात होतं बहुतेक. मला चकित करणार असतील. दर रविवारी "पुढच्या रविवारी एक काम आहे" म्हणायचे, आणि रेडिओ घेऊन तळघरात जाऊन बसायचे. तिथे त्यांची पुसायची फडकी अजून आहेत. माझ्या कपड्यांखालची फरशी स्वतः पुसायचे. मला पायरी उतरू द्यायचे नाहीत.

पडवीत बसून फावड्याच्या दांड्याला धरून रडले. मग डोळे पुसले आणि ठरवलं. पोस्टाने भागायचं नाही.

१९ मार्च

आज केलं.

गवंडी भिंतीच्या पायाशी वाकून बसला आहे असा फोटो मोठा छापून घेतला. खाली जाड अक्षरात लिहिलं: "चौथ्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी हे घर ‘हवेशीर’ म्हणून एका दमेकरी बाईला आणि तिच्या भोळ्या नवऱ्याला विकलं. नवरा आता नाही. बाई श्वास मोजते आहे. आपल्या इमारतीच्या समितीवर कुणाला बसवलंय, ते बघा." खाली माझी सही आणि पत्ता. लपूनछपून करायचं काम नाही हे.

दुपारी दोनला, इमारत सुस्तावलेली असताना, तळमजल्याच्या सूचनाफलकावर चार टाचण्यांनी लावलं. माझ्याकडे टाचण्यांची कमी नाही. डॉक्टरची वेळापत्रकाची पाटीही तिथेच होती. आठवड्यातून दोन सकाळी खालच्या खोलीत लहान मुलांचे दात बघतो, विनामूल्य. त्या पाटीच्या अगदी शेजारी लावलं.

जिना उतरणारी एक बाई थांबून वाचू लागली. वाचता वाचता तिचा हात तोंडावर गेला. मी रस्त्याच्या पलीकडून बघत होते. असं सुख मला कित्येक महिन्यांत मिळालं नव्हतं. लिहायला लाज वाटायला हवी, पण वाटत नाही.

२७ मार्च

त्या इमारतीत माझी एक जुनी गिऱ्हाईक राहते, शाळेत नाटकं बसवते. तिच्याकडून कळलं. समितीची बैठक झाली, डॉक्टरला राजीनामा द्यायला लावला. मुलांना दात दाखवायला या आठवड्यात कुणी आलं नाही. तो मात्र दोन्ही सकाळी खोली उघडून, खुर्ची पुसून, बारापर्यंत बसून होता.

"तो काही म्हणाला?" मी विचारलं.

"काही नाही. तो कागद काढूसुद्धा दिला नाही त्याने. ‘असू दे’ म्हणाला."

यातही काहीतरी डाव असणार. निरपराध माणूस ओरडतो. पाणी कुठेतरी मुरतंय. पण रिकाम्या खुर्चीशेजारी बसलेला तो, हे चित्र मी आज दिवसभर चघळलं.

संध्याकाळी दम लागला. पंप तीनदा घेतला.

३ एप्रिल

डॉक्टरची बायको आली होती.

सगळं नीट लिहायचं म्हणून बसले आहे.

सकाळी दहाला बेल वाजली. दारात ठेंगणी, ताठ बाई, हातात मोठी पिशवी. आत आली, टेबलावर माझी चार पार्सलं मांडली. एक उघडलेलं, तीन तशीच बांधलेली.

"ही तुम्हीच पाठवलीत ना?"

"मीच. पण तुम्ही का आलात? त्यांना पाठवायचं होतंत."

"त्यांना माहीत नाही मी आले ते. त्यांनी मला शपथ घातली आहे, तुमच्याशी बोलायचं नाही म्हणून. चाळीस वर्षांत त्यांची शपथ मी मोडली नाही." ती खुर्चीवर बसली, मी बसा म्हटलं नव्हतं तरी. "काल खालच्या मजल्यावरच्या एका पोराने त्यांच्या तोंडावर विचारलं, ‘तुम्ही त्या काकूंच्या काकांना मारलं का?’ म्हणून मोडते आहे."

तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यासमोर सरकवला. अक्षर मी लांबूनच ओळखलं. यांचा ‘ळ’ नेहमी वेलांटी घेतल्यासारखा.

कागद तिने परत नेला नाही, म्हणून शब्दन् शब्द उतरवते:

"डॉक्टरसाहेब, तळघराच्या उत्तरेकडच्या भिंतीला ओल आहे आणि बाहेरून खणल्याशिवाय ती थांबणार नाही, हे तुम्ही मला भिंतीपाशी नेऊन दाखवलंत. तुम्ही लेखी मागितलंत म्हणून लिहून देतो, की मला हे सर्व माहीत आहे व मान्य आहे. दोन महिन्यांत मी काम करून घेईन. एकच विनंती. माझ्या पत्नीपाशी हा विषय काढू नये. तिला दम्याचा त्रास आहे. कळलं तर ती हे घर घेऊ देणार नाही. आणि मला हे घर फार आवडलं आहे."

मी म्हटलं, "हे खोटं आहे."

ती म्हणाली, "अक्षर बघा."

"मग तुमचे डॉक्टर बोलले का नाहीत? मी फोन केला तेव्हा का नाही बोलले?"

"फोन ठेवून ते असेच बसले होते, तुम्ही बसला आहात तसे. म्हणाले, ‘त्या बाईकडे आता तेवढा एकच माणूस उरलाय, आठवणीतला. तोही मी काढून घेऊ?’" ती उठली. "मी असते तर घेतला असता. म्हणून आले."

दारापर्यंत तिला सोडायलाही मी उठले नाही. पाणी विचारलं नाही.

४ एप्रिल

पितळी खिळे.

५ एप्रिल

"तू नको येऊस, खाली धूळ आहे."

६ एप्रिल

आजपासून या वहीत ‘हे’ नाही. ‘तो’.

त्याला माहीत होतं. माझा श्वास रात्री कसा वाजतो हे पस्तीस वर्षं शेजारी झोपून ऐकलेल्या माणसाला माहीत होतं, की पायाखाली ओल आहे. त्याने फळ्या ठोकल्या. फडकी पिळली. फावडं आणलं आणि पुढच्या रविवारची वाट बघितली, आणि ते रविवार संपले. खुनशी नव्हता तो. खुनशी असता तर सोपं गेलं असतं. आळशी होता, भित्रा होता, आणि त्याला घर आवडलं होतं.

आणि मी! चोर सोडून संन्याशाला फाशी दिली.

त्याचे कपडे वरच्या खोलीतल्या कपाटात होते. घरातली सगळ्यांत कोरडी जागा मी त्यांना दिली होती, पोटापाण्याचा कपडेपट खाली कुजत असताना. आज ते सगळे कपडे हातांवर घेतले. शर्ट, विजारी, मफलर, आणि तो तपकिरी लोकरी कोट, लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मी स्वतः शिवलेला. तळघरात नेले आणि एकेक करून त्या काळ्या भिंतीला, भिंतीला चिकटतील असे, टांगले. तोंडावर फडकं बांधलं होतं, तरी मोठ्याने म्हणाले, "घे. घर फार आवडलं होतं ना तुला? राहा."

वर आले तेव्हा पंप घ्यावा लागला. पण बरं वाटलं.

९ एप्रिल

लेकीला पत्र वाचून दाखवलं. तिने एवढंच विचारलं, "हे तुला कुणी दिलं?"

"तुला माहीत होतं?"

"थोडंसं," म्हणाली. "बाबा म्हणाले होते, भिंतीचं एक काम आहे, आईला सांगू नकोस, पुढच्या महिन्यात करून टाकतो. मग ते गेले. मग तुला कसं सांगू, आई? तू त्यांच्या उशीचा अभ्रासुद्धा धुवत नव्हतीस."

"म्हणून मला त्या डॉक्टरवर सोडलंस?"

ती रडायला लागली. मी फोन ठेवला. नंतर पुन्हा केला, कारण एका वेळी इतक्या जणांवर रागावणं मला झेपत नाही. तिला म्हटलं, "जेव हं वेळेवर." ती "हो" म्हणाली. तेवढंच.

१२ एप्रिल

फलकावर दुसरी सूचना लावली. या वेळी रविवारी सकाळी दहा वाजता, सगळी इमारत ये-जा करत असताना.

"मागील सूचनेत मी डॉक्टरांवर केलेला आरोप खोटा आहे. त्यांनी ओल दाखवून, समजावून, लेखी घेऊन घर विकलं. ज्याने ती माझ्यापासून लपवली तो माझा नवरा होता. मी डॉक्टरांची गुन्हेगार आहे." खाली सही, पत्ता.

खरं लिहायचं तर, ‘माझा नवरा होता’ हे शब्द मी बाकीच्यांपेक्षा मोठे काढले. कशासाठी, ते माझं मला ठाऊक.

मग चौथा मजला चढले. दोनदा थांबावं लागलं. दार डॉक्टरनेच उघडलं. आज हसत नव्हता. हसत नसताना त्याचा चेहरा थकलेल्या शिक्षकासारखा दिसतो.

"मी चुकले," म्हटलं. यापेक्षा जास्त पाठ करून आले होते, पण जिन्यात दम संपला.

"बसा आधी. श्वास घ्या." पाणी त्यानेच आणलं. बायको आतल्या दारात उभी होती. मग म्हणाला, "चूक माझीही आहे, ताई. सह्या करायच्या दिवशी तुम्ही माझ्यासमोर बसला होतात. तुमचं पेन चालेना, मी माझं दिलं. तेव्हा एक वाक्य बोलता आलं असतं. पण मला घर विकायचं होतं. तुमच्या यजमानांच्या चिठ्ठीने माझी सोयच झाली."

"तुम्ही पार्सलं का नाही परत केलीत?"

"पहिलं उघडून वाटलं, एवढं तरी माझ्या वाटणीचं आहे."

समितीवर आता दुसरा माणूस आला आहे. मुलांच्या आया येतील न येतील. डॉक्टर म्हणाला, "कागद फलकावरून काढता येतो. डोक्यातून निघायला वेळ लागतो." निघताना बायको म्हणाली, "तुम्ही आलात, बरं केलंत. पण मी माफ केलं असं म्हणणार नाही. मनात नाही ते कशाला बोलू?"

मला ती बाई आवडली.

२२ एप्रिल

खणणं झालं. गवंडी आणि त्याचे दोन भाऊ पाच दिवस खपत होते. मी नवं फावडं दिलं, लेबल फाडून. भिंतीची बाहेरची बाजू उघडी पडली तेव्हा मातीतून अजून पाणी झिरपत होतं. छपराच्या पन्हळीचा पाइप जमिनीखाली कधीचा फुटलेला, सगळं पावसाचं पाणी थेट भिंतीच्या पायाशी. एका दिवसाचं काम, गवंडी म्हणाला. पाइप बदलणं एका दिवसाचं. एका रविवारचं.

मी खड्ड्याच्या काठावर उभी राहून त्याला शिव्या दिल्या. मनातल्या मनात नाही, तोंडाने. गवंड्याचे भाऊ खाली बघून खडी पसरत राहिले. गवंडी म्हणाला, "द्या, ताई, द्या. भिंतीसमोर लोक काय काय बोलतात, आम्ही ऐकत नसतो."

आता डांबर लागलं आहे. आतली भिंत सुकायला वर्ष लागेल म्हणे. कपडेपट तोवर वरच्या खोलीत. माझी झोपायची खोली आता राजे आणि शिपायांनी भरली आहे.

त्याचे कपडे मी खालीच ठेवले आहेत. डाव्या बाजूला भिंत अजून ओली आहे, तिथे.

८ मे

गावातल्या मंडळीची दिग्दर्शिका आली. विनोदी नाटक. दोन घरं थाटून दोन्हीकडे खोटं बोलणारा माणूस. शेवटी पितळ उघडं पडतं आणि दोघी बायका मिळून त्याला छत्र्यांनी बडवतात. "जुना, बरा कोट हवा," म्हणाली. "माणूस सभ्य दिसला पाहिजे."

"आहे," म्हटलं. "अगदी असाच आहे माझ्याकडे."

खाली जाऊन तपकिरी कोट काढला. पाठीवर बुरशी धरली होती. ब्रशने झटकली, वाफ दिली. नट आला होता सोबत, किडकिडीत, बुटका. कोट त्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा. बाह्यांतून बोटांची टोकं तेवढी दिसत होती.

दिग्दर्शिका म्हणाली, "जरा लहान करून द्याल ना?"

"कशाला? विनोदी आहे ना? असाच शोभतो."

तीस वर्षांत मापात नसलेला कपडा माझ्या घरातून बाहेर गेला नव्हता. आज गेला, आणि मी गेटपर्यंत त्याला हसत निरोप दिला.

२४ मे

दुपारचा प्रयोग बघून आले.

पहिल्या अंकात लोक त्याच्या थापांना हसले. मीही हसले, शेजारची वळून बघेपर्यंत. तिसऱ्या अंकात पितळ उघडं पडलं. दोघी छत्र्या घेऊन धावल्या. मी मुठी आवळून पुढे सरकून बसले होते. याच्यासाठीच तर आले होते! पहिली छत्री पाठीवर बसली तेव्हा टाळी वाजवली.

मग तो नट पळाला, आणि पळताना बाही पायात येऊन पडला. नाटकात नव्हतं ते. उठायला गेला तर कोट खांद्यांवरून डोक्यावर आला. आत अडकून तो हात हलवत राहिला. आता लोक जे हसायला लागले, ते नाटकाला नव्हे, कोटाला. कुणीतरी मागून ओरडलं, "अरे, कुणाच्या बापाचा उचलून आणलाय!" सगळं सभागृह लोळलं.

मला हसता येईना. कान तापले. उठून त्या मागच्या माणसाच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं. त्याला हसायचा हक्क माझा आहे, एकटीचा. या लोकांना त्याने काय केलं होतं?

पडदा पडायच्या आत निघून आले.

२५ मे

सकाळी टाचण्या, कात्री, सुया घेऊन नाट्यगृहावर गेले. दिग्दर्शिका घाबरली. "कोट परत नेताय? अजून चार प्रयोग आहेत हो."

"नेत नाही. नटाला बोलवा आणि उजेडात उभं करा."

खांदे उतरवून आत घेतले. बाह्या चार बोटं आखूड केल्या. पाठीची शिवण उसवली आणि पुन्हा घातली. तेव्हाच्या टाक्यांचा धागा अजून मजबूत निघाला, दाताने तोडावा लागला. खिडकीशी बसून दुपार झाली. आता तो कोट दुसऱ्या कुणाला कधी येणार नाही.

नट आरशात बघून म्हणाला, "काकू, झकास बसला. पण काल लोक केवढे हसले होते!"

"तुझ्या खोटेपणाला हसू देत की. पोट धरून हसू देत. कपड्याला हसायचं नाही."

घरी येऊन चहा घेतला. तळघराची खिडकी उघडी टाकली आहे, वारा बरा येतो.

अजून चार प्रयोग आहेत. चारही वेळा हे मार खाणार, आणि मी पहिल्या रांगेत बसून बघणार.